बडोद्याची वाचनालये आणि लोकांचा तिसरा वाटा

सार्वजनिक सोयी सरकारने आणि लोकांनी मिळून उभाराव्यात, असे हल्ली वारंवार ऐकू येते. प्रत्यक्षात सरकारने काय द्यायचे, लोकांनी काय द्यायचे आणि ज्यांच्यापाशी देण्यासारखे काही नाही त्यांचे काय, हे प्रश्न मात्र मोघमच राहतात. बडोदे संस्थानाने शंभर वर्षांपूर्वी त्यांची रोखठोक उत्तरे दिली होती.

१९०६ साली महाराजा सयाजीराव गायकवाड यांनी संस्थानभर प्राथमिक शिक्षण सक्तीचे व मोफत केले. पण शाळा सुटल्यावर वाचायला काही मिळाले नाही, तर शिकलेली अक्षरे पुसून जातात. त्यासाठी १९१० मध्ये अमेरिकेतील ग्रंथपाल विल्यम बोर्डन यांना बोलावून वाचनालयांचे स्वतंत्र खाते उघडण्यात आले. महाराजांच्या खाजगी संग्रहातील सुमारे वीस हजार पुस्तके मध्यवर्ती ग्रंथालयाला मिळाली.

लोक मात्र स्वस्थ बसलेले नव्हते. मोतीभाई अमीन या शिक्षकाने त्याआधीच चरोतर भागात मित्रमंडळ वाचनालये सुरू केली होती. खात्याने हे काम बाजूला सारले नाही; उलट मोतीभाईंनाच खात्यात घेऊन त्यांच्याकडे गावोगावच्या वाचनालयांचे काम सोपवले.

या योजनेचे मर्म तिच्या हिशोबात आहे. गावाने वर्षाला जितकी वर्गणी जमवावी, तितकीच रक्कम दरबाराने आणि तितकीच प्रांत पंचायतीने द्यावी. गावाने चाळीस रुपये जमवले, की वाचनालयाला एकशेवीस मिळत. या मदतीची कमाल मर्यादा गावाला शंभर, कसब्याला तीनशे आणि मोठ्या शहराला सातशे रुपये अशी होती. इमारतीचा खर्चही याच रीतीने तीन ठिकाणी वाटला जाई. दर आधीच ठाऊक असल्यामुळे गावकऱ्यांना कोणाच्या मर्जीवर अवलंबून राहावे लागत नसे. शिवाय ज्याने पदरचे चार आणे घातले, तो वाचनालय वेळेवर उघडते की नाही हे पाहायलाही येई. वर्गणीचे खरे मोल या देखरेखीत होते.

या हिशोबात एक उणीवही आहे, ती झाकून चालणार नाही. जेवढे जमवाल तेवढे मिळेल, या न्यायाने सधन गावाला अधिक मिळते आणि गरीब गाव कोरडे राहते. त्यावर उतारा होता फिरत्या पेट्यांचा. पंधरा ते तीस पुस्तकांनी भरलेली लाकडी पेटी मागेल त्या गावाला विनामूल्य जाई. नेण्याआणण्याचा खर्चही सरकारच सोशी. म्हणजे लोकांचा सहभाग मागताना दरबाराने आपले कर्तव्य लोकांच्या गळ्यात घातले नाही. जिथे लोकांची ऐपत होती तिथे त्याने वाटा मागितला, आणि जिथे नव्हती तिथे सगळा भार स्वतः उचलला. हा भेद विसरला, की 'लोकसहभाग' हा सरकारने अंग काढून घेण्याचा सभ्य शब्द ठरतो.

पुढे महाराष्ट्राच्या १९६७ च्या ग्रंथालय कायद्यातही याच्याशी जुळणारी वाट दिसते. तिथली असंख्य वाचनालये लोकांच्या संस्था चालवतात; सरकार त्यांना अ, ब, क, ड असे दर्जे देऊन अनुदान देते. ते वेळेवर आले नाही तर वाचनालयाची ओढाताण होते. पण अनुदान आले आणि सभासदच येईनासे झाले, तर उरते फक्त कागदोपत्री वाचनालय.

महाराष्ट्राबाहेर पिढ्यान् पिढ्या राहिलेल्या आपल्या घरांनी हे दुसरे दुखणे जवळून पाहिले आहे. आजोबांनी वर्गणी काढून उभारलेल्या वाचनालयाचे कपाट आज कोण उघडते? सरकारकडे हक्काने मागावे, त्यात संकोच नको. मात्र मागणीच्या अर्जावर सही करणाऱ्यांपैकी किती जणांच्या नावावर या महिन्यात पुस्तक गेले, हेही पाहावे. तिसरा वाटा पैशांचा होताच. त्याहून अधिक तो येण्याजाण्याचा होता.