लाकडी पेटीतला संगणक थंड कसा ठेवावा?

घरच्या घरी बनवलेल्या लाकडी आर्केड कंट्रोलरमध्ये संगणकही बसवला, तर खेळ सुरू झाल्यावर काही मिनिटांतच चित्र अडखळू लागते, अशी तक्रार हौशी कारागिरांकडून नेहमी ऐकू येते. दोष बटणांना दिला जातो. बटणे बदलली जातात, जॉयस्टिक बदलली जाते, खिशाला खार लागतो आणि खेळ मात्र पुन्हा अडखळतो. बऱ्याच वेळा खरे कारण पेटीत कोंडलेली उष्णता हे असते आणि त्यावरचा उपाय बटणांच्या संचापेक्षा स्वस्त असतो.

आर्केड कंट्रोलर म्हणजे व्हिडिओ गेम पार्लरमधील यंत्राची पुढची फळी वेगळी काढून पेटीवर बसवावी, तशी वस्तू. वर एक जॉयस्टिक, शेजारी सहा किंवा आठ मोठी गोल बटणे आणि आत तारांचे जाळे. 'स्ट्रीट फायटर २' हा खेळ १९९१ मध्ये आला. त्या काळातील पार्लरचा अनुभव घरी मिळावा म्हणून अशा पेट्या तयार केल्या जातात. काही जण पेटी केवळ नियंत्रणासाठी वापरतात व संगणक बाहेर ठेवतात. काही जण मात्र रास्पबेरी पायसारखा तळहाताएवढा संगणक पेटीतच बसवतात. मग एक तार दूरचित्रवाणी संचाला आणि एक विजेला जोडली की काम झाले.

बंगळुरूमध्ये हा छंद जोपासणे फारसे अवघड नाही. सदर पत्रप्पा मार्ग, म्हणजेच शहरात सर्वांना ठाऊक असलेला 'एसपी रोड', हा सुट्या इलेक्ट्रॉनिक भागांचा जुना बाजार आहे. पंखे, जाळ्या, पितळी स्पेसर, तारा अशा वस्तू तेथे मिळतात. म्हैसूरच्या वाटेवर सुमारे ६० किलोमीटरवर चन्नपट्टण आहे. लाखेच्या रंगांनी चमकणाऱ्या तेथील लाकडी खेळण्यांना भौगोलिक निर्देशांक लाभलेला आहे. जॉयस्टिकच्या टोकावरचा गोळा साधारणपणे ३५ मिलिमीटर व्यासाचा असतो. लेथवर खेळणी घडवणाऱ्या कारागिराला तो अवघड जाऊ नये.

उष्णता येते कोठून?

संगणक जेवढी वीज घेतो, तेवढी जवळजवळ सर्व अखेरीस उष्णतेत रूपांतरित होते. २०१९ मध्ये आलेला रास्पबेरी पाय ४ पूर्ण ताणाखाली सुमारे ७ वॅट वीज घेतो. याउलट स्वतंत्र मदरबोर्ड असलेला छोटा संगणक खेळ चालू असताना सहज ६० वॅटपर्यंत जातो. ७ वॅट म्हणजे एका साध्या एलईडी दिव्याची वीज. ६० वॅट म्हणजे जुन्या काचेच्या पिवळ्या दिव्याची. तो दिवा बंद खोक्यात लावून ठेवण्याचे धाडस कोणी करणार नाही. तोच संगणक झाकणाखाली गेला, की ही गोष्ट विसरली जाते.

चिप तापली की ती एकदम बंद पडत नाही. रास्पबेरी पाय ४ ची चिप ८० अंश सेल्सियसला पोहोचली, की ती स्वतःचा वेग कमी करू लागते आणि ८५ अंशांच्या आसपास हा लगाम अधिक आवळला जातो. चिपच्या संरक्षणासाठी ही व्यवस्था चांगलीच आहे. पण मारामारीच्या खेळात सेकंदाला ६० चित्रे पडद्यावर यावी लागतात, म्हणजे प्रत्येक चित्रासाठी सेकंदाचा साठावा भाग मिळतो. वेग घटला की काही चित्रे वेळेवर तयार होत नाहीत, दाबलेल्या बटणाचा परिणाम उशिरा दिसतो आणि बटण नीट लागत नाही, असा खेळणाऱ्याचा समज होतो. चुकीच्या भागावर पैसे खर्च होतात, ते येथे.

लाकूड कितपत दोषी?

लाकडाला दोष देण्याची प्रथा आहे आणि ती वरवर योग्यही वाटते. प्लायवूडची उष्णतावाहकता मीटर-अंशामागे सुमारे ०.१२ वॅट, तर ॲल्युमिनियमची २०० वॅटहून अधिक असते. हा फरक दीड हजार पटींहून मोठा आहे. तेव्हा धातूची पेटी केली असती तर प्रश्नच उरला नसता, असे वाटणे स्वाभाविक आहे. हिशेब मात्र वेगळे सांगतो.

४० सेंटिमीटर लांब, ३० सेंटिमीटर रुंद आणि १० सेंटिमीटर उंच अशी, १२ मिलिमीटर जाड प्लायवूडची बंद पेटी टेबलावर ठेवली आहे, असे समजू. आतली उष्णता बाहेर पडताना तिला तीन अडथळे ओलांडावे लागतात. पहिला, पेटीच्या आतल्या पृष्ठभागाला बिलगलेला हवेचा संथ थर. दुसरा, स्वतः लाकूड. तिसरा, बाहेरच्या पृष्ठभागावरचा तसाच हवेचा थर. हे तिन्ही अडथळे जवळजवळ सारख्या ताकदीचे असतात. म्हणजे लाकडाचा वाटा साधारण एक तृतीयांशच ठरतो. लाकडाऐवजी रंगवलेला पत्रा वापरला, तरी हवेचे दोन थर जागच्या जागी राहतात.

आकड्यांत सांगायचे, तर ७ वॅटच्या संगणकामुळे या लाकडी पेटीतील हवा खोलीपेक्षा सुमारे ९ अंशांनी तापेल आणि पत्र्याच्या पेटीत सुमारे ६ अंशांनी. ६० वॅटचा संगणक असेल, तर लाकडी पेटीत ही वाढ हिशेबाने ७० अंशांच्या वर जाते. पत्र्याच्या पेटीतही ती ५० अंशांच्या आसपास राहते. दोन्ही ठिकाणी संगणक तग धरणार नाही. शत्रू आहे ती अडकून पडलेली हवा, आणि म्हणून लाकडाची हौस सोडण्याचे कारण नाही.

याचा एक ऐतिहासिक दाखलाही आहे. ॲपल कंपनीचा १९८० मधील 'ॲपल ३' हा संगणक पंख्याविना काढण्यात आला आणि उष्णता बाहेर काढण्याची जबाबदारी ॲल्युमिनियमच्या जड सांगाड्यावर सोपवण्यात आली. यंत्रे तापत, चिप्स खोबणीतून सैल होत आणि यंत्र थोडे उचलून टेबलावर आपटावे, असा सल्ला ग्राहकांना दिला गेल्याचे सांगतात. पहिल्या खेपेतील हजारो यंत्रे कंपनीला बदलून द्यावी लागली. याच कंपनीचा १९७६ मधील पहिला संगणक नुसत्या फळीच्या रूपात विकला जाई. काही मालकांनी त्यासाठी लाकडी पेट्याच करून घेतल्या होत्या.

पार्लरमधील यंत्रेही लाकडाचीच होती, मग ती कशी चालत, असा प्रश्न येथे पडेल. त्यांची उंची हे त्याचे उत्तर आहे. माणसाएवढ्या कपाटात खालून थंड हवा शिरते, तापून वर चढते आणि मागच्या बाजूच्या वरच्या झरोक्यातून बाहेर पडते. धुराड्याला ओढ मिळते, ती त्याच्या उंचीमुळे. मांडीवर मावणाऱ्या दहा सेंटिमीटर उंचीच्या पेटीत ही ओढ नाममात्र उरते. म्हणून कपाटात जे काम झरोका करत असे, ते येथे पंख्याला करावे लागते.

दर सेकंदाला तांब्याभर हवा

पंखा किती मोठा हवा, याचा हिशेब सोपा आहे. पेटीतील हवा खोलीपेक्षा १० अंशांहून अधिक तापू द्यायची नाही, असे ठरवले, तर ७ वॅटसाठी सेकंदाला एक लिटरपेक्षाही कमी ताजी हवा पुरते. म्हणजे जेमतेम तांब्याभर. ६० वॅटसाठी सुमारे ५ लिटर लागते.

बंगळुरूकरांनी यात थोडी भर घालायला हवी. शहर समुद्रसपाटीपासून सुमारे ९२० मीटर उंचीवर असल्याने तेथील हवा मुंबईच्या तुलनेत सुमारे दहा टक्के विरळ असते. पंखा तेवढेच लिटर हवा ढकलतो, पण त्या लिटरांत उष्णता वाहून नेणारे वस्तुमान कमी असते. तेथे पाणी ९७ अंशांच्या आसपास उकळते, तेही याच विरळपणामुळे. उन्हाळा सौम्य असल्याने ही तूट भरून निघते. एप्रिल हा तेथील सर्वांत उष्ण महिना, तरी दिवसाचे सरासरी कमाल तापमान ३४ अंशांच्या आसपास राहते. अर्थात २४ एप्रिल २०१६ रोजी ३९.२ अंशांची नोंदही या शहरात झालेली आहे.

८० मिलिमीटरचा एक साधा पंखा वरील दोन्ही गरजा भागवू शकतो. ४० मिलिमीटरचा चिमुकला पंखा रास्पबेरी पायला पुरतो, पण हवेचे काम करण्यासाठी त्याला फार वेगाने फिरावे लागते आणि तो किणकिणतो. लाकडी पेटी तंबोऱ्याच्या भोपळ्याप्रमाणे हा आवाज वाढवते. त्यामुळे मोठा पंखा सावकाश फिरवणे आणि त्याच्या स्क्रूखाली रबराच्या चकत्या घालणे हा शहाणपणाचा मार्ग होय. १२ व्होल्टचा पंखा ५ व्होल्टवर जोडला तर तो बराच शांत होतो. मात्र एवढ्या विजेवर तो आपणहून सुरू होतो की नाही, हे आधी पाहून घ्यावे.

पंख्याइतकेच महत्त्व भोकांना आहे. हवा आत येण्यास वाट नसेल, तर पंखा नुसताच भिरभिरतो. आत येणाऱ्या वाटांचे एकूण क्षेत्रफळ पंख्याच्या तोंडाएवढे तरी असावे. बटणांसाठी ३० मिलिमीटरची गोल भोके पाडावी लागतात. त्याच करवतीने आणखी सात भोके पाडली, की ८० मिलिमीटरच्या पंख्याला पुरेशी वाट होते. वेगळे हत्यार आणावे लागत नाही.

ही भोके कोठे पाडावीत, याबाबत मात्र अनेकांची फसगत होते. तळाला पाडलेली भोके दिसत नाहीत म्हणून ती सोयीची वाटतात. पण हा कंट्रोलर बऱ्याचदा मांडीवर घेऊन खेळला जातो आणि मांडी ती भोके पूर्णपणे बुजवते. सतरंजीवर किंवा गादीवर ठेवल्यासही तेच होते. तेव्हा हवा एका बाजूच्या फळीतून आत यावी आणि मागच्या फळीच्या दूरच्या कोपऱ्यातून बाहेर जावी. संगणक या दोहोंच्या वाटेत असावा. पंखा आणि झरोका शेजारीशेजारी ठेवले, तर हवा जवळच्या वाटेने निसटते आणि संगणकाला तिचा स्पर्शही होत नाही. संगणकाची फळी लाकडाला चिकटवून न बसवता पितळी स्पेसरवर उचलून बसवावी, म्हणजे तिच्या खालूनही हवा खेळते. चिपवर पात्यांचा हीट सिंक हवाच. त्याच्याविना रास्पबेरी पाय ४ उघड्यावरही पूर्ण ताणाखाली ८० अंश गाठतो. २०२३ मध्ये आलेला रास्पबेरी पाय ५ तर आणखी तापट आहे.

धुळीचे काय? पंखा हवा बाहेर फेकत असेल, तर पेटी बटणांच्या फटींतूनही धूळ ओढून घेते. तो हवा आत घेत असेल आणि त्याच्या तोंडावर डासांची बारीक जाळी लावली असेल, तर धूळ एकाच ठिकाणी अडते व पुसता येते. जाळीमुळे हवा काहीशी कमी होते, हे खरे आहे. तरीही घरात झुरळे असतील, तर जाळी लावणेच बरे.

पाण्याच्या नळ्या बसवण्याचा मोह काहींना होतो. बंगळुरूच्याच भारतीय विज्ञान संस्थेत २०२२ मध्ये बसवलेल्या ३.३ पेटाफ्लॉप क्षमतेच्या 'परम प्रवेग' महासंगणकासाठी द्रवाने थंड करण्याची व्यवस्था केलेली आहे. पण ती गरज महासंगणकाची आहे. प्लायवूडच्या पेटीत पाणी झिरपले, तर संगणकाबरोबर पेटीही जाईल.

आगीची भीती

लाकूड आणि वीज एकत्र म्हटले की घरातील वडीलधाऱ्यांच्या मनात पहिली शंका आगीची येते आणि ती उडवून लावण्यासारखी नाही. लाकूड पेट घेण्यासाठी साधारणपणे २५० अंशांहून अधिक तापमान लागते. संगणकाची चिप त्याच्या निम्म्यावर जाण्याआधीच स्वतःला आवरते किंवा बंद होते. धोका आहे तो अन्यत्र: सैल जोड, बारीक तारेतून जाणारा जास्त प्रवाह, आणि निकृष्ट अडॅप्टर. अडॅप्टर स्वतःही तापतो, त्यामुळे तो पेटीबाहेरच ठेवावा. म्हणजे २३० व्होल्टची वीज पेटीत येतच नाही. रास्पबेरी पाय ४ साठी ५ व्होल्ट, ३ अँपिअरचा प्रमाणित अडॅप्टर घ्यावा. जुन्या भ्रमणध्वनीतून काढलेल्या लिथियम बॅटऱ्या तर बंद लाकडी पेटीत मुळीच ठेवू नयेत.

६० वॅटचा संगणक पेटीत बसवण्याचा हट्ट धरण्यापूर्वी तो बाहेर ठेवून चालेल का, हेही पाहावे. पेटीत फक्त बटणांचे संकेत संगणकाला कळवणारी छोटी फळी राहिली, तर तिची उष्णता नगण्य असते. मग ना पंखा लागतो, ना भोके.

पेटी तयार झाल्यावर तिची परीक्षा झाकण बंद करूनच घ्यावी. उघड्या पेटीतील आकडे काही सांगत नाहीत. सर्वांत जड खेळ अर्धा तास चालवून चिपचे तापमान पाहावे आणि त्यातून खोलीचे तापमान वजा करावे. ही वजाबाकी ऋतू बदलला तरी साधारण तेवढीच राहते. बंगळुरूतील २५ अंशांच्या खोलीत चिप ६० अंशांवर स्थिरावली, तर फरक ३५ अंशांचा झाला. तेथील ३४ अंशांच्या दुपारी ती ६९ वर जाईल आणि खेळ सुरळीत चालेल. तीच पेटी मे महिन्याच्या सुट्टीत नागपूरला नेली आणि खोलीत ४५ अंश असतील, तर चिप नेमकी ८० वर पोहोचेल आणि खेळ तेथे अडखळू लागेल. तेव्हा बटणे बदलू नयेत. पेटी कूलरसमोर ठेवण्याचा मोह आवरावा, कारण त्याची दमट हवा पंखा आत खेचेल. दोन-चार भोके वाढवावीत किंवा पंखा ५ व्होल्टवरून १२ व्होल्टवर न्यावा. आवाज थोडा वाढेल, एवढेच.