चाकाचा आवाज नेमका केव्हा येतो?

मुंबई-गोवा महामार्गाच्या पनवेल ते इंदापूर या 84 किलोमीटरच्या टप्प्याचे रुंदीकरण 2011 मध्ये सुरू होऊन वर्षानुवर्षे रखडले, त्यामुळे पेण, नागोठणे, कोलाड या पट्ट्यातील गाड्यांच्या सस्पेन्शनला, म्हणजे चाके व सांगाडा यांना जोडून हादरे झेलणाऱ्या यंत्रणेला, खड्ड्यांचा मार दीर्घकाळ सोसावा लागला. अलिबाग-मुरूडकडे वळल्यावर त्यात खाऱ्या हवेची भर पडते. अशा गाडीचा आवाज कसा आहे यापेक्षा तो केव्हा येतो, हे मेकॅनिकला सांगणे अधिक उपयोगाचे ठरते.

वेगाबरोबर चढणारी आणि क्लच दाबला तरी कायम राहणारी घरघर बहुधा चाकाच्या बेअरिंगची, म्हणजे चाक सहज फिरू देणाऱ्या पोलादी गोळ्यांच्या कडीची असते. उजव्या वळणावर गाडीचा भार डाव्या चाकांवर जातो, म्हणून कार्लेखिंडीसारख्या वळणाच्या रस्त्यावर उजवीकडे वळताना घरघर वाढली, तर संशय डाव्या बाजूवर घ्यावा. मात्र उंचसखल झिजलेला टायरही हुबेहूब असाच घुमतो. पुढचे टायर मागे बसवल्यावर आवाजही मागे गेला, तर बेअरिंगचा खर्च वाचतो. काशीदच्या किंवा नागावच्या ओल्या वाळूत गाडी उतरवण्याची हौस बेअरिंगला महागात पडते, कारण त्याच्या सीलमधून, म्हणजे कडेच्या रबरी झाकणीतून, आत शिरलेले समुद्राचे पाणी ग्रीस निकामी करते आणि बाहेरून कितीही धुतले तरी ते निघत नाही.

स्टिअरिंग पूर्ण वळवून गाडी हळू चालवताना होणारी कटकट ड्राइव्ह शाफ्टच्या, म्हणजे इंजिनाची शक्ती चाकापर्यंत नेणाऱ्या दांड्याच्या, सांध्याची असते. त्यावरचे रबरी बूट फाटले की ग्रीस उडून जाते आणि चिखल आत जातो. बारीक खड्ड्यांवरची खटखट बहुतेक वेळा लिंक रॉडची, म्हणजे सस्पेन्शनमधील छोट्या जोडदांडीची, किंवा सांध्यांमधील झिजलेल्या रबरी बुशची निघते, आणि तरीही अनेकदा चांगला शॉकअप (शॉक अ‍ॅब्झॉर्बर) विनाकारण बदलला जातो, हे खेदजनक आहे.

चाकाचा सैलपणा घरी तपासायचा असेल, तर गाडी सपाट जागी, इतर चाकांना अडण लावून जॅकवर उचलावी, खाली मात्र शिरू नये, आणि पुढचे चाक वर व खाली धरून हलवावे. ते डुगडुगले, तर दुसऱ्याने ब्रेक दाबून धरावा: डुगडुग थांबली तर बेअरिंग सैल आहे, थांबली नाही तर बहुधा चाकाला खालच्या आर्मशी जोडणारा बॉल जॉइंट झिजला आहे, आणि तो निखळल्यास चाक जागेवरच आडवे पडत असल्याने अशी गाडी चालवत नेण्याऐवजी टोइंगनेच गॅरेजला न्यावी.