आजोबा साठचे झाले का?

"मॅडम, आजोबा साठचे झाले की नाही ते एकदाचं ठरवा," पतसंस्थेच्या काउंटरवरच्या ताईंनी फोनवर सुनावलं. एक लाखाची, वर्षभराची ठेव. स्क्रीनवर मुदतीअखेर १,०८,००० रुपये, छापील पावतीवर १,०८,५००. ज्येष्ठांना अर्धा टक्का जादा व्याज, नियम तो एवढाच. आजोबांची साठी आदल्याच आठवड्यात झालेली.

कोड उघडला, तर नियम तीन घरी नांदत होता. ब्राउझरमधल्या जावास्क्रिप्टला वय साठपेक्षा जास्त हवं होतं. सर्व्हरवरच्या कंट्रोलरला साठ पूर्ण चालत होतं. डेटाबेसमधली स्टोअर्ड प्रोसिजर रात्री व्याजाचा अहवाल काढताना चालू वर्षातून जन्मवर्ष वजा करून मोकळी व्हायची. तिच्या लेखी डिसेंबरात जन्मलेला माणूस जानेवारीतच साठचा. लिहिणारे तिघं वेगळे, आणि ज्याला जिथे हाताशी पडलं तिथे त्याने लिहिलेलं.

दर्शनी भाग, व्यवहाराचे नियम आणि डेटा हे थर वेगळे ठेवावेत, असं मार्टिन फाउलर यांनी २००२ सालच्या पुस्तकात मांडलं. थर आमच्याकडेही होते. नियम मात्र भिंतीतल्या ओलीसारखा सगळीकडे झिरपला होता.

मग एकच फंक्शन लिहिलं: दोन तारखा द्या, दर घ्या. त्याला ना ब्राउझर ठाऊक, ना टेबल. त्यामुळे वाढदिवसाचा आदला दिवस, वाढदिवस आणि दुसरा दिवस, तिन्ही चाचण्या क्षणात होतात. स्क्रीन आता दर सर्व्हरला विचारते. रात्रीचा अहवाल ठेवीसोबत नोंदवलेला दर वाचतो.

डेटाबेसमधून सगळंच उपसलं नाही. शिल्लक शून्याखाली जाऊ नये, ही अट टेबलावरच ठेवली. एकाच खात्यातून दोन काउंटरांवर एकाच क्षणी पैसे काढायला घेतले, तर दोन्हीकडे आधीची शिल्लक पुरेशी दिसू शकते. तिथे शेवटचा पहारा डेटाबेसचाच.

अडलं ते दुसऱ्या तारखेवर. जन्मतारीख ठीक, पण वय मोजायचं कोणत्या दिवशीचं? मुदत चालू असताना साठी झाली तर? मॅनेजरांनी नियमांची पुस्तिका चाळली, चष्मा कपाळावर सरकवला. "यात नाही हो. मंडळापुढे ठेवतो."

बैठकीनंतर उत्तर आलं: ठेव ठेवली त्या दिवशीचं वय. मी फंक्शनमधलं 'आजची तारीख' हे नाव खोडून 'ठेवीची तारीख' लिहिलं.