चालताना बोलणे जड जाते तेव्हा

बाजारातून येताना कुणी विचारले, "टोमॅटो काय भावाने मिळाले?" तर आपण चालता चालताच उत्तर देतो. पण मल्टिपल स्क्लेरोसिस, म्हणजे एम.एस. हा आजार असलेल्या माणसाला हे साधे काम जड जाते. बोलायला गेले की पाय मंदावतात, नाहीतर तोल जातो. घरचे म्हणतात, "लक्ष कुठे असते तुझे?" कुणी अंगारे-धुपारे सुचवतात. भगिनींनो, बांधवांनो, यात आळस नाही आणि कसली बाधाही नाही. हा मज्जासंस्थेचा आजार आहे.

विजेच्या तारेवर प्लास्टिकचे वेष्टन असते, तसे मेंदूतल्या आणि मणक्यातल्या मज्जातंतूंवर मायेलिन नावाचे आवरण असते. एम.एस.मध्ये शरीराची रोगप्रतिकारशक्तीच या आवरणावर हल्ला करते. मग मेंदूचा निरोप हातापायांपर्यंत उशिरा किंवा अर्धवट पोहोचतो. नजर अंधुक होणे, मुंग्या येणे, तोल जाणे, न संपणारा थकवा ही त्याची लक्षणे आहेत. आजार बहुधा २० ते ४० या वयात सुरू होतो आणि पुरुषांपेक्षा स्त्रियांना जास्त होतो. तो संसर्गजन्य नाही, त्यामुळे रुग्णाचे ताट-पेला वेगळा ठेवू नका.

निरोगी माणूस पावलांचा विचार न करता चालतो. एम.एस.च्या रुग्णाला प्रत्येक पावलाकडे लक्ष द्यावे लागते. त्यात दुसरे काम आले की लक्ष वाटले जाते. म्हणून फिजिओथेरपिस्ट दोन कामे एकत्र करण्याचा व्यायाम शिकवतात. त्याला ड्युअल टास्क ट्रेनिंग म्हणतात. याने आजार बरा होत नाही, पण चालताना दुसरे काम सांभाळणे अनेकांना सोपे जाते. घरात-दारात सतत दोन-तीन कामे एकदम करणाऱ्या बाईसाठी ही मोठी गोष्ट आहे.

आधी फिजिओथेरपिस्टकडून तपासून घ्या. कुठून सुरुवात करायची हे तेच ठरवतील. साधारण पायऱ्या अशा असतात:

१. खुर्चीत बसून आळीपाळीने पाय उचला आणि गावांची नावे घ्या: जुन्नर, नारायणगाव, कळंब, मंचर, खेड.

२. भिंतीचा आधार घेऊन उभे राहा आणि वार उलटे म्हणा: रविवार, शनिवार, शुक्रवार.

३. सपाट जागी चाला आणि ५० मधून ३-३ वजा करत जा: ५०, ४७, ४४. आकडे जमत नसतील तर भाज्यांची नावे घ्या.

४. हे जमले की हातात अर्धा पेला पाणी घेऊन चाला.

सुरुवातीला पाच मिनिटे पुरे. घरातले कुणीतरी जवळ असावे. ओल्या फरशीवर, पायऱ्यांवर किंवा रस्त्यावर हा सराव करू नका. पुणे-नाशिक महामार्ग ओलांडताना तर एकच काम: फक्त चालणे. बोलायचे असेल तर आधी थांबा. घरच्यांनीही ती पायरी उतरत असताना मागून हाक मारू नये.

उष्णतेने एम.एस.ची लक्षणे तात्पुरती वाढतात. पत्र्याच्या घरात दुपारी भट्टी होते, म्हणून सराव सकाळी लवकर करा आणि मानेवर ओला पंचा ठेवा. दमायच्या आधीच थांबा. अचानक नजर कमी झाली, हातापायातली ताकद गेली किंवा ताप आला, तर व्यायाम बंद करून डॉक्टरांना दाखवा. औषधे मनाने थांबवू नका.

आता हक्काची गोष्ट. दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा, २०१६ मधल्या २१ दिव्यांगत्वांमध्ये मल्टिपल स्क्लेरोसिसचे नाव आहे. दिव्यांगत्व ४० टक्के किंवा अधिक असल्याचे प्रमाणपत्र मिळाले, तर शासकीय सवलतींसाठी अर्ज करता येतो. यूडीआयडी कार्डही काढून घ्या. पुण्यात ससून रुग्णालय आहे. शिवाय १९८५ साली मुंबईत सुरू झालेल्या मल्टिपल स्क्लेरोसिस सोसायटी ऑफ इंडियाची पुण्यात शाखा आहे. तिथे याच आजाराची माणसे भेटतात, माहिती मिळते.

वस्तीत कुणी चालता चालता बोलायचे थांबले, तर हसू नका. तिच्याबरोबर दोन पावले हळू चाला.