भाताच्या मुलखातला घोडा

रायपुरात घोडा आता दिसतो तो मुख्यतः वरातीत. 2012 साली देशात घोडे आणि तट्टं मिळून सव्वासहा लाख होती. 2019च्या पशुगणनेत ती जेमतेम 3 लाख 40 हजार भरली. जनावर कमी झालं की त्याच्याबद्दलची जाणही आटत जाते. नालबंद मिळेनासा होतो, मोतद्दाराची विद्या पुढच्या पिढीकडे जात नाही आणि पशुवैद्यकाचा बहुतेक दिवस गाई-म्हशींमध्ये जातो. मग घोडाही गाईसारखाच पोसला जातो. भाताच्या या मुलखात त्याच्या प्रकृतीवरचं मोठं संकट हेच आहे, असं माझं मत आहे. इंजेक्शनं आणि टॉनिकं ही त्यानंतरची गोष्ट.

छत्तीसगडात स्वस्त आणि मुबलक काय, तर भाताचं तणस, ज्याला इथे पैरा म्हणतात, आणि गिरणीतला कोंडा. गाय रवंथ करून त्यावर निभावते. घोडा रवंथ करत नाही. त्याचं जठर आठ ते पंधरा लिटरचं, म्हणजे अंगाच्या मानाने लहानच. चारा आंबवण्याचं काम पुढे मोठ्या आतड्यात चालतं. म्हणून त्याला दिवसभर थोडं थोडं खायला लागतं, आणि वजनाच्या निदान दीड टक्का कोरडी वैरण रोज लागते. तणसात प्रथिनं नावापुरती, शिवाय त्यातलं ऑक्झॅलेट कॅल्शियम धरून ठेवतं. कोंड्यात फॉस्फरस भरपूर आणि कॅल्शियम अगदी कमी. हे दोन्ही महिनोन्‌महिने पोटात जात राहिलं की रक्तातलं कॅल्शियम टिकवण्यासाठी शरीर ते हाडांतून काढू लागतं. घोडा अधूनमधून लंगडतो, पावलं आखडून टाकतो. मालकाला वाटतं, पायाला मार लागला असेल. पुढे जबड्याची आणि चेहऱ्याची हाडं फुगतात, तोवर बराच उशीर झालेला असतो. गरीब मालकाला चांगलं गवत परवडत नाही, हा आक्षेप खरा आहे. पण तणस अजिबात बंद करा, असं कोण म्हणतं? कोंड्यावरचा खर्च कमी करून त्यात लसूणघासाची एखादी पेंढी आणावी, आणि पशुवैद्यकाला विचारून चंदीत कॅल्शियम घालावं. लंगडा घोडा लग्नसराईत उभा राहिला तर होणारं नुकसान याहून मोठं असतं.

चाऱ्याचा हिशेब मराठी माणसाला नवा नाही. राज्याभिषेकाच्या सुमारास शिवाजी महाराजांनी चिपळूणकडच्या छावणीतल्या अधिकाऱ्यांना लिहिलेलं पत्र प्रसिद्ध आहे. दाणा आणि वैरण आत्ताच मनमानी उधळाल, तर ऐन पावसाळ्यात काही उरणार नाही, घोडी उपाशी मरतील आणि ती तुम्हीच मारल्यासारखं होईल, असा त्याचा आशय आहे. 1741 साली नागपूरकर भोसल्यांचे सेनापती भास्करराम कोल्हटकर छत्तीसगडातल्या रतनपूरवर आले, ते अशाच घोडदळाच्या बळावर. पावसाआधी कोरडं गवत भरून ठेवणं, ते ओलीपासून जपणं, हे तेव्हा लष्करी शिस्तीत मोडत असे. बुरशी धरलेलं तणस आजही पोटशूळ आणि खोकला घेऊन येतं, आणि घोड्याला उलटी करता येत नाही, हे त्याच्या मालकाने कधीही विसरू नये.

उन्हाळ्याची अडचण अशी की अक्तीचे, म्हणजे अक्षय्य तृतीयेचे मुहूर्त आणि रायपूरचा 44-45 अंशांचा पारा एकाच हंगामात येतात. दुपारी 12 ते 3 या वेळात तापमान 37 अंशांवर असेल तर ओझ्याच्या आणि गाडीच्या जनावरांना जुंपू नये, असा 1965चा केंद्रीय नियम आहे. वरात संध्याकाळी निघते, म्हणून धोका टळला असं मानणं चूक. डांबरी रस्ता तेव्हाही तापलेला असतो, आणि जरीच्या झुलीखाली, बँडच्या गोंगाटात घोडी दोन-दोन तास पाण्यावाचून उभी असते. तिच्या घामातून माणसापेक्षा कितीतरी जास्त मीठ जातं. पाण्याबरोबर मीठही द्यायला हवं. धापा टाकणाऱ्या घोडीचं अंग कोरडं लागलं तर घाम येणंच थांबलं असं समजावं आणि ताबडतोब सावलीत न्यावं. तापलेल्या घोड्यावर गार पाणी ओतलं तर तो आखडतो, हा समज मात्र सोडायला हवा. 1996च्या अटलांटा ऑलिंपिकच्या निमित्ताने झालेल्या अभ्यासांतून अंगभर गार पाणी ओतणं सुरक्षित आणि गुणकारी असल्याचं दिसलं. त्याच लग्नघरात घोडीला प्रेमाने भिजवलेली चणाडाळ चारतात. मूठभर ठीक, पण एका रात्री तीन वरातींत तीन घरांची डाळ खाल्ली तर पोटशूळ ओढवू शकतो.

आषाढीनंतर मुहूर्त संपतात आणि घोडा रिकामा होतो. नेमकी याच काळात देखरेख ढिली पडते. काम थांबलं की चंदी घटवावी, पण फिरवणं आणि खरारा थांबवू नये. ओल्या तबेल्यात खुराच्या तळाला घाण वास येऊ लागला की तो भाग सडतो आहे हे ओळखावं. रोज खूर उचलून साफ करणं आणि सहा-आठ आठवड्यांनी नालबंदाला दाखवणं याला पर्याय नाही. खिळा रुतून होणाऱ्या धनुर्वाताला घोडा फार लवकर बळी पडतो; त्याची लस चुकवू नये. पावसाळ्यात आणि त्यानंतर चावणाऱ्या घोडमाश्या सर्रा हा रोग पसरवतात. ताप येतो-जातो, पोटाखाली सूज येते, खाणं चालू असूनही घोडा वाळत जातो. गावठी काढ्यांत दिवस न घालवता रक्त तपासून घ्यावं. दुर्गजवळ अंजोऱ्याला पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे, तिथला सल्ला घेता येतो. आपला घोडा काटक आहे, त्याला काही होत नाही, असं सांगणाऱ्यांना एवढंच म्हणायचं आहे की मारवाडी आणि काठियावाडी घोड्यांचा काटकपणा कोरड्या मुलखात घडलेला आहे. धानाच्या दमट शिवारात तो गृहीत धरता येत नाही.

वरातीसाठी घोडी ठरवणाऱ्यांनाही एक विनंती. भाडं ठरवतानाच ती किती वेळ उभी राहील हे ठरवा, आणि मांडवाच्या दाराशी तिच्यासाठी दोन बादल्या पाणी भरून ठेवा.