निखळलेला खांदा, बदललेला पोत

शाहू महाराजांनी बांधलेल्या खासबाग मैदानाच्या कोल्हापुरात खांदा निखळलेला पैलवान नवा नाही. खांदा बसवला की झालं, असं अनेकांना वाटतं. तिथेच चूक होते. खांद्याची खोबण उथळ असते. गोल हाडाला धरून ठेवतं ते भोवतीचं आवरण, आणि त्या आवरणाचे दोर म्हणजे कोलॅजन. हाड निसटताना हे दोर ताणतात, फाटतात. ब्राझीलमधल्या साओ पाउलोच्या संशोधकांनी अशा आवरणाचे तुकडे तपासले, तेव्हा कोलॅजन बनवणाऱ्या जनुकांची सक्रियता निरोगी खांद्यापेक्षा बदललेली आढळली. हाड जागेवर आलं, पण आवरण पूर्वीचं राहिलं नव्हतं! विशीच्या आतल्या मुलांत खांदा पुन्हा निखळण्याचा धोका मोठा असतो. वस्ताद, पहिल्याच वेळी पोराला अस्थिरोगतज्ज्ञांकडे न्या; ते सांगेपर्यंत आखाड्यात उतरवू नका.