छायाचित्रासाठीं कागदाची निवड

२०१९ च्या ऑगस्ट महिन्यांत सांगलीच्या आयर्विन पुलापाशीं कृष्णेच्या पाण्यानें ५७ फुटांची खूण ओलांडली, तेव्हां नदीकांठच्या वस्तींतील कित्येक घरांत पाणी दिवसचे दिवस उभें होतें. पाणी ओसरल्यावर भांडीं घासून निघालीं, कपडे धुऊन निघाले. पण कपाटाच्या खालच्या खणांतून निघालेल्या छायाचित्रांच्या अल्बमांपुढें घरोघरचीं माणसें हतबुद्ध झालीं. जुन्या पद्धतीच्या छायाचित्रावर सरसासारख्या जिलेटिनचा थर असतो. तो पाण्यांत फुगतो आणि वाळतांना समोर जें असेल त्यास चिकटतो. मग तें अल्बमचें प्लास्टिक असो, चौकटीची काच असो, कीं शेजारचें चित्र असो. ओलीं असतांनाच हीं चित्रें एकमेकांपासून सुटीं करून, स्वच्छ गार पाण्यांत खंगाळून, तोंड वर करून सावलींत वाळविलीं, तर त्यांतील पुष्कळशीं वांचतात. परंतु पुराच्या धांदलींत हें कोणास सुचावें?

त्यानंतर अशा घरांतून दुसरेंच काम सुरू झालें. आजोबांच्या लग्नांतील फोटोची एखादी प्रत कऱ्हाडच्या आत्याबाईंकडे सांपडते, मोबाइलवर टिपून ठेवलेली एखादी नक्कल पुण्याच्या भाच्याकडे निघते, आणि तिच्यावरून नवी प्रत छापून घेण्याचें ठरतें. दुकानांत प्रश्न एकच होतो, ‘चकचकीत कीं मॅट?’ तेवढ्यावर काम उरकतें. वास्तविक एकदां हरवून पुन्हां मिळालेलें चित्र पुढील पन्नास वर्षें भिंतीवर राहावें अशी इच्छा असेल, तर कागदाच्या पृष्ठभागापेक्षां त्याच्या पोटांत काय आहे, हें आधीं विचारावयास हवें.

येथें नांवाचा एक घोटाळा दूर केला पाहिजे. छापखान्यांत ज्यास ‘आर्ट पेपर’ म्हणतात, तो दिवाळी अंकांतील चित्रांच्या पानांचा गुळगुळीत कागद. त्यावर चिनी मातीसारख्या द्रव्याचा लेप असतो. इंकजेट यंत्रावर चित्रें छापण्यासाठीं जो ‘फाइन आर्ट’ कागद मिळतो, त्याचा याच्याशीं नांवापलीकडे संबंध नाहीं. तसेंच ‘झिक्ले’ या शब्दाचें. तो १९९१ सालीं अमेरिकेंत जॅक डुगान या मुद्रकानें फ्रेंच भाषेवरून बनविला, आणि त्याचा अर्थ शाई फवारून केलेलें मुद्रण, इतकाच. त्या काळच्या तशा कित्येक प्रती थोड्याच वर्षांत फिक्या पडल्या. हा शब्द वापरून कोणी चढा भाव सांगूं लागला, तर गिऱ्हाइकानें शांतपणें कागदाचें आणि शाईचें नांव विचारावें.

कागद म्हणजे वनस्पतीच्या तंतूंचा वाळलेला लगदा. वर्तमानपत्राचा कागद लांकूड दळून करतात. लांकडांत लिग्निन नांवाचें द्रव्य असतें. उजेड आणि हवा लागली कीं तें पिवळें पडतें, आणि कागदांतील आम्ल तंतूंचे तुकडे पाडीत जातें. जुनें वर्तमानपत्र घडीवर मोडतें, तें यामुळेंच. कापसाच्या तंतूंत लिग्निन जवळजवळ नसतेंच, आणि तंतूही लांब व चिवट असतात. चिंध्यांपासून कागद करण्याची कला महाराष्ट्राला नवी नाहीं; जुन्नर आणि दौलताबादेजवळील कागजीपुरा येथील हातकागद एके काळीं प्रसिद्ध होता, आणि पेशवे दफ्तरांतील हातकागदावरचीं पत्रें आजही वाचतां येतात. पुण्यास १९४० सालीं स्थापन झालेल्या हातकागद संस्थेनें सुती चिंध्यांच्या कागदाची तीच परंपरा पुढें चालविली. जर्मनींतील हानेम्यूल ही १५८४ सालची गिरणी आज इंकजेटसाठीं जो ‘फोटो रॅग’ कागद विकते, त्यांतील ‘रॅग’ म्हणजे चिंधीच. दर चौरस मीटरला ३०८ ग्रॅम वजनाचा हा कागद संपूर्ण कापसाचा असतो.

याहून स्वस्त, तरीही भरंवशाचा प्रकार म्हणजे लांकडांतील लिग्निन काढून टाकून शुद्ध केलेल्या तंतूंचा, ‘अल्फा सेल्युलोज’ म्हणून विकला जाणारा कागद. पाकिटावर ‘आम्लरहित’ हा शब्द आणि आयएसओ ९७०६ हा अंक असला तर उत्तम. या मानकानुसार कागदांत चुन्यासारख्या अल्कधर्मी द्रव्याचा थोडा सांठा ठेवावा लागतो, म्हणजे पुढें हवेंतून आम्ल शिरलें तरी तें तेथेंच मारलें जातें.

पुष्कळांची फसगत होते ती पांढरेपणाच्या बाबतींत. दुकानांत दोन ताव शेजारीं ठेवले, तर हात आपोआप अधिक शुभ्र तावाकडे जातो. ही शुभ्रता बहुधा निळीसारखी वरून आणलेली असते. उजेडांतील अदृश्य अतिनील किरण शोषून निळसर प्रकाश बाहेर टाकणारें द्रव्य कागदांत घातलेलें असतें. त्याचा जोर वर्षांमागून वर्षें ओसरत जातो, आणि मग चित्राचा पांढरा भाग पिवळटलेला दिसूं लागतो. याची परीक्षा सोपी आहे. नोटा तपासण्याचा जांभळा दिवा पुष्कळ दुकानदारांकडे असतो. त्याखालीं कोरा ताव धरावा. निळसर पांढरा झळाळला, तर त्यांत तें द्रव्य भरपूर आहे. मंद, काळसर दिसला, तर नाहीं. तपकिरी छटेच्या जुन्या फोटोसाठीं असा किंचित् दुधाळ, साधा कागदच शोभतो. चुन्यासारख्या पांढऱ्या कागदावर आजोबांचा फेटा काल धुतल्यासारखा वाटतो.

चांगला तंतू असला म्हणजे झालें, असेंही नाहीं. साध्या हातकागदावर इंकजेटची शाई टीपकागदावरच्यासारखी पसरते आणि नाकडोळे बोथट होतात. म्हणून या कागदांवर शाई धरून ठेवणारा सूक्ष्म छिद्रांचा एक थर दिलेला असतो. हा थर बहुधा एकाच बाजूस असतो, त्यामुळें छापण्यापूर्वीं बाजू ओळखणें अगत्याचें. किंचित् ओलें बोट तावाच्या कोपऱ्यास लावलें तर थराची बाजू चिकट लागते. शाईचे प्रकार दोन. एकींत रंग विरघळलेला असतो, तो भडक दिसतो पण उजेडानें व हवेनें लौकर जातो. २००० सालच्या सुमारास अशा शाईनें सच्छिद्र कागदावर काढलेलीं चित्रें हवेंतील ओझोनमुळें कांहीं आठवड्यांत नारिंगी पडलीं आणि मोठा गवगवा झाला. दुसरींत रंगद्रव्याचे बारीक कण असतात. तिला ‘पिगमेंट’ शाई म्हणतात. ती पाण्याच्या शिंतोड्यानें सहसा ओघळत नाहीं आणि पुष्कळ अधिक टिकते. कापसाच्या महागड्या कागदावर पहिल्या जातीची शाई वापरणें म्हणजे पैठणीला कच्चा रंग देणें होय. शिवाय मॅट कागदास काळी शाई निराळी लागते, आणि यंत्रास कागदाची जात अचूक सांगावी लागते. पुष्कळ कारखाने प्रत्येक कागदासाठीं रंगांचें प्रोफाइल फुकट देतात, तें घ्यावें.

चकाकीचा प्रश्न आतां येतो, आणि त्याचें उत्तर चित्रावर अवलंबून आहे. कास पठारावरील फुलांचें रंगीत चित्र असेल, गर्द ढगांखालचे डोंगर असतील, तर बेरियमचा पांढरा लेप असलेला ‘बराइटा’ कागद घ्यावा. त्यावर काळा रंग खोल उतरतो आणि बारकावा सुटत नाहीं. जुन्या, थोड्या पुसट झालेल्या घरगुती चित्रास मॅट कापूस बरा, कारण चकाकीखालीं मुळांतील ओरखडे अधिकच डोळ्यांत भरतात. नुसत्या अल्बमांत ठेवावयाच्या रोजच्या फोटोंसाठीं मात्र प्लास्टिकचा लेप असलेला साधा फोटो कागद पुरे. तेथें कापसावर खर्च करणें उधळपट्टीच आहे.

हवामानाचा विचार करणारा गिऱ्हाईक क्वचितच आढळतो. एकट्या सातारा जिल्ह्यांत महाबळेश्वरास वर्षाला पांच हजार मिलिमीटरांहून अधिक पाऊस पडतो, आणि माणदेशांत सुमारें त्याच्या दहाव्या हिश्श्याइतका. दमट घरांत कागद ओलावा पिऊन लाटेसारखा फुगतो. छापतांना त्याच्या उचललेल्या कडा यंत्राच्या शाईमुखास घासतात आणि काळे फरांटे उठतात. म्हणून पावसाळ्यांत पाकीट बंद ठेवून एकेक ताव बाहेर काढावा. शक्य असेल तर मोठें काम दिवाळीनंतर करावें. माणदेश, आटपाडी, जत या बाजूस शत्रू धूळ हा आहे. कापसाच्या कागदावर स्वतःचीही भुरी असते. ती मऊ कुंचल्यानें आधीं झाडली नाहीं, तर छापल्यावर ती गळून पडते आणि तेथें पांढरे ठिपके राहतात. जाड ताव यंत्राच्या पुढच्या खणांतून वळण घेत जात नाहीं, तो मागील सरळ वाटेनें घालावा लागतो. घरच्या यंत्रास ही वाट आहे कीं नाहीं, हें कागद घेण्यापूर्वींच पाहावें.

छापलेलें चित्र एक दिवस उघडें वाळूं द्यावें. मग काच आणि चित्र यांमध्यें जाड पुठ्ठ्याची किनार घालून चौकट करावी, म्हणजे दोहोंत हवा राहते. किनारीचा पुठ्ठाही आम्लरहित हवा, नाहींतर कागदावर खर्चलेले पैसे वायां जातात. पावसाळी भागांत बाहेरच्या ओलसर भिंतीवर चौकट टांगूं नये. हवेंतील आर्द्रता शेंकडा सत्तरच्या वर फार दिवस राहिली तर कापसावरही बुरशी धरते. नदीकांठच्या घरांनीं दुसरी प्रत चढावरच्या एखाद्या नातलगाकडे ठेवावी, आणि दोन्ही प्रतींच्या पाठीमागें माणसांचीं नांवें व साल मऊ पेन्सिलीनें लिहावें. बॉलपेनाचा दाब पुढच्या बाजूस उमटतो.